ऱ्होड्सच्या खंदकात

रायपूरच्या माणसाला समुद्र पाहायचा असला की तो पुरीला जातो. आम्हीही तेच करत आलो. मागच्या उन्हाळी सुट्टीत मात्र मी भूमध्य समुद्र पाहिला आणि ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर एक दिवस आजोबांबरोबर पायी फिरलो. आमच्याबरोबर ना गाइड होता, ना सहलीची बस. त्या दिवसाबद्दल लिहावे असे वाटले, कारण आपण वर्गात आणि मैदानावर जे शिकतो त्यातले बरेच काही तिथे उपयोगी पडले.

ही सहल खरे तर आजी-आजोबांची होती. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे होणार म्हणून जर्मनीतल्या काकांनी दीड वर्ष आधीच क्रूझची तिकिटे काढली होती. नंतरच्या दिवाळीत आजी गेली. आजोबा म्हणाले, "तिकिटं रद्द करा." बाबांनी आणि काकांनी ऐकले नाही. आजीच्या जागी माझे नाव घातले गेले. आजोबा भिलाई इस्पात कारखान्यात चौतीस वर्षे मेंटेनन्समध्ये फिटर होते, पुढे फोरमन झाले. बोलका माणूस. पण आजी गेल्यापासून ते जेवढ्यास तेवढेच बोलत. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी दुपारी दुपारी नुसते झोपाळ्याचे कुरकुरणे ऐकू येई.

जहाज पिरेयस बंदरातून निघाले. ते रोज वेगळ्या बंदराला लागते, सकाळी प्रवाशांना उतरवते आणि संध्याकाळी पुढे निघते. ऱ्होड्सला जहाजाची सहल लिंडोस गावी जाणार होती. तिथला प्राचीन किल्ला उंच कड्यावर आहे आणि वर जायला खूप पायऱ्या आहेत. आजोबांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. ते म्हणाले, "माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही. मी केबिनमध्ये पडून राहीन." मी म्हणालो, "मी आजोबांना घेऊन गावात जातो." बाबांनी दोन अटी घातल्या. योजना कागदावर लिहून दाखवायची आणि जहाजाने दिलेल्या वेळेच्या एक तास आधी परत यायचे.

अशा दिवसाचा एक नियम आधी समजून घ्यावा लागतो. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. आपापले फिरायला गेलेल्यांसाठी मात्र थांबत नाही. मागे राहिलात तर पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचे. म्हणून मी आपल्याला शिकवतात तशी योजना शेवटाकडून सुरुवातीकडे केली. जहाज सहाला सुटणार, साडेपाचला सगळे आत हवेत, म्हणजे आम्ही साडेचारला आत. बंदराच्या दारापासून जहाजापर्यंत आजोबांना वीस मिनिटे. तसे करत करत सकाळी नऊपर्यंत आलो. आजोबा बूढा तालाबाभोवती सकाळी फेरी मारतात तेव्हा दर दहा मिनिटांनी बाकावर टेकतात, हे मला ठाऊक होते. तोच हिशेब धरला : दहा मिनिटे चाल, पाच मिनिटे बैठक. खिशात जहाजाचे कार्ड, पासपोर्टची प्रत, बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर आणि थोडे युरो. पाठीवरच्या पिशवीत पाणी, गुडघ्याचा पट्टा, गोळ्या आणि आईने रायपूरहून आणलेली ठेठरी. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून घेतले.

ऱ्होड्सला जहाज अगदी तटाशेजारी लागते. जुन्या शहराभोवती सुमारे चार किलोमीटरची दगडी तटबंदी आहे आणि ती जवळजवळ अखंड उभी आहे. १९८८ पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे. आतल्या गल्ल्यांत समुद्रकाठचे गोटे उभे रोवून फरसबंदी केली आहे. दिसायला सुंदर, पण काठी टेकणाऱ्या माणसाला त्रासाची. म्हणून आम्ही आधी आत गेलोच नाही. तटाच्या बाहेरून कोरडा खंदक जातो. तो रुंद आहे, बराचसा सपाट आहे, त्यात आता गवत आणि झाडे आहेत आणि चालायला पैसे पडत नाहीत. आम्ही बंदराच्या बाजूने खंदकात उतरलो. मे महिना संपत आला होता. रायपुरात नवतपा सुरू झाला होता आणि इथे आजोबांनी स्वेटर काढायला अर्धा तास घेतला.

दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि मध्ये आपण. जागोजागी दगडी तोफगोळे पडलेले. काही माझ्या गुडघ्याएवढे. शत्रूला भिंत कशी दिसत असेल, ते खंदकात उभे राहिल्यावरच कळते.

हा तट सेंट जॉनच्या सरदारांनी बांधून मजबूत केला. १३०९ पासून ऱ्होड्स त्यांच्या ताब्यात होते. युरोपच्या वेगवेगळ्या देशांतून आलेले हे सरदार भाषेप्रमाणे गटांत विभागलेले असत आणि तटाचा एकेक भाग एकेका गटाकडे असे. इटलीचा भाग, प्रोव्हान्सचा भाग, इंग्लंडचा भाग. आपल्याकडे जशी हाउसेस असतात तसेच, फक्त हरल्यावर ट्रॉफी जात नसे, शहर जाई. १४८० मध्ये तुर्कांचा पहिला मोठा वेढा त्यांनी परतवला. १५२२ मध्ये सुलतान सुलेमान स्वतः आला.

इंग्लंडच्या भागाखाली पोहोचलो तेव्हा आजोबा थांबले. गुडघा दुखू लागला होता. चेहऱ्यावरून कळत होते, पण ते सांगत नव्हते. खंदकातून मध्येच वर यायचे रस्ते थोडे आहेत. मागे जावे तर जेवढे अंतर, साधारण तेवढेच पुढे. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "आजोबा, आपल्याकडे पाऊण तास जास्तीचा आहे. तो इथेच खर्च करू." त्यांना सावलीत एका दगडावर बसवले, पट्टा बांधला, ठेठरी काढली. आणि वेळ घालवायला म्हणून, आदल्या रात्री वाचलेले सांगू लागलो.

"आजोबा, याच भागाखाली तुर्कांनी सुरुंग लावला होता. ४ सप्टेंबर १५२२ ला तो उडाला आणि सुमारे अकरा मीटर तट कोसळला. पण त्यांनी खणलेले कितीतरी सुरुंग उडण्याआधीच सापडले. इटलीतल्या बेर्गामो भागातला गाब्रिएले तादिनी नावाचा एक इंजिनिअर वेढ्यात मुद्दाम येऊन सामील झाला होता. त्याने काय केलं असेल?"

आजोबा म्हणाले, "तू सांग."

"कातडं ताणून बसवलेले ढोल. जमिनीखाली कुणी कुदळ मारली की कातडं थरथरायचं. मग नेमकी जागा ओळखून हे लोक वरून खणत जायचे. स्फोटाचा जोर निघून जावा म्हणून भोकं पाडून ठेवायचे."

आजोबांनी ठेठरी खाली ठेवली. "म्हणजे बेअरिंग ऐकण्यासारखंच झालं," ते म्हणाले. आणि मग ते बोलायला लागले. मोठ्या यंत्रात बेअरिंग बिघडत असले तर डोळ्यांना काही दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानाशी धरायची. चांगले बेअरिंग एकसारखे गुणगुणते, बिघडायला लागलेले मध्येच खरखरते. नवी मुले म्हणायची, मीटर तर ठीक दाखवतोय. "मी त्यांना सांगायचो, बेटा, मीटर उद्या सांगेल, कान आज सांगतो." एका रात्रपाळीत असेच ऐकून त्यांनी एक पंखा बंद करवला होता. वरचे साहेब चिडले. उघडून पाहिले तर बेअरिंगच्या गोळ्यांचा भुगा झालेला. हा किस्सा मी याआधी कधीच ऐकला नव्हता. ते जवळजवळ अर्धा तास बोलले. शेवटी म्हणाले, "तुझ्या आजीला मात्र हे सगळं पाठ होतं." तिचे नाव त्यांनी आपणहून काढल्याचे मी त्या प्रवासात पहिल्यांदा ऐकले. मी काही बोललो नाही. ऐकत राहिलो.

मग त्यांनी विचारले, "पुढं काय झालं? जिंकले का तुझे सरदार?"

नाही जिंकले. वेढा जवळजवळ सहा महिने चालला. तादिनीचा एक डोळा गेला. आतले लोक काही हजारच होते, दारूगोळा संपत आला, आणि बाहेरून मदत आली नाही. डिसेंबरच्या अखेरीस त्यांचा प्रमुख व्हिलिये द लील-आदाम याने शहर सोपवले. सुलतानाने त्यांना शस्त्रांसह आणि सन्मानाने जाऊ दिले. १ जानेवारी १५२३ ला त्यांची जहाजे बेटावरून निघाली. पुढे ते माल्टा बेटावर स्थिरावले आणि १५६५ मध्ये सुलेमानच्याच सैन्याला तिथे वेढा उठवून परत जावे लागले.

आजोबा लगेच म्हणाले, "हे तर आपलं चाकण." मलाही तेच आठवले होते. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणचा संग्रामदुर्ग वेढला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी सुरुंगाने बुरूज उडवला आणि किल्ला गेला. खानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली आणि ते महाराजांकडे परतले. किल्ला गेला, पण लढणारा माणूस शिल्लक राहिला. आपण इतिहासात जय-पराजयाच्या तारखा पाठ करतो. एखादे ठाणे किती दिवस टिकले आणि टिकवणाऱ्यांचे पुढे काय झाले, हेही विचारायला हवे, असे मला त्या दगडावर बसून वाटले.

खंदक संपतो तिथून सरदारांच्या प्रमुखाचा राजवाडा जवळ आहे. तो मूळचा १८५६ च्या दारूच्या स्फोटात उद्ध्वस्त झाला आणि इटालियन राजवटीत नव्याने उभारला गेला. मला तो पाहायचा होता. पण आत जिने चढावे लागतात आणि आजोबांच्या पायात आता बंदरापर्यंतचेच बळ होते. "तू जाऊन ये, मी बसतो," ते म्हणाले. योजनेत दोघे निघालो होतो आणि दोघेच परतायचे होते. राजवाडा बाहेरून पाहून आम्ही गल्ल्यांतून हळूहळू उतरलो. गोट्यांवर काठी घसरू लागली की माझा खांदा.

बंदराकडच्या दाराजवळ एक छोटा चौक आहे. मध्ये कारंजे, बाजूला काळ्या दगडाचा स्तंभ, त्यावर अनेक भाषांत एकच मजकूर. इथे ज्यू लोकांची वस्ती होती. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी ऱ्होड्सच्या सोळाशेहून अधिक ज्यूंना जहाजांत कोंबून नेले आणि आउशवित्झला पाठवले. परत आले ते दीडशेच्या आसपास. तुर्कस्तानचे इथले कॉन्सुल सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी, ही माणसे तुर्की नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय आहेत असा आग्रह धरून, चाळीसएक जणांना सोडवले. त्यांच्याकडे ना सैन्य होते, ना तोफा. आजोबांनी टोपी काढली. सहा महिने शत्रूला अडवणारा तट बाहेर तसाच उभा होता, पण आतल्या माणसांना नेले तेव्हा तो त्यांच्या काही कामाचा नव्हता. तिथे एक माणूस कामाला आला.

आम्ही चार वाजून दहा मिनिटांनी जहाजावर होतो. लिंडोसची बस पाचला आली. आईने पहिला प्रश्न गुडघ्याचा विचारला. आजोबांनी तिला तादिनीचे ढोल आणि बेअरिंग हे सगळे पुन्हा सांगितले, जेवणाच्या टेबलावर, शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहीपर्यंत.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर दोन नोंदी आहेत. पहिली : गटाचा वेग म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग, योजना त्याच्या पायांनी मोजावी, आपल्या नाही. दुसरी : जास्तीचा वेळ हा वाया गेलेला वेळ नसतो. तो पाऊण तास मी हातात ठेवला नसता, तर आम्ही खंदकातून घाईने पुढे निघालो असतो आणि भिलाईचा तो पंखा मला कधीच कळला नसता. पुढे कधी माझ्या हाताखाली माणसे असतील, तर त्यांच्यातल्या कुणाचा गुडघा दुखतो आहे, कुणाच्या मनात काय खरखरते आहे, हे ते सांगायच्या आधी ऐकू यायला हवे. त्यासाठी जवळ बसायला वेळ राखून ठेवावा लागतो.

सुट्टी संपवून मी शाळेत परतलो. परवा घरून फोन आला. बाबांनी फोन आजोबांना दिला. त्यांनी माझी तब्येत विचारली आणि लगेच मुद्द्यावर आले : "सिंधुदुर्गाला मालवणहून होडीनं जायचं ना? मग भरती-ओहोटी बघून, परतीच्या होडीपासून उलटं मोजून योजना लिहून पाठव. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. आणि हो, पाऊण तास जास्तीचा धर."