दीदीच्या कागदावर माझी सही नाही

सिंगापूरहून बेंगळुरूला परतायचं ठरलं तेव्हा धाकटीने एकच धोशा लावला, आंटी पण येणार. आंटी म्हणजे आमच्या घरी राहून काम करणारी फिलिपिनो बाई. तिचीही तयारी होती. सिंगापुरात तिच्या वर्क परमिटवर मालकीण म्हणून माझंच नाव होतं, तर इथेही आपण हमी घेऊ, असा माझा हिशेब.

तिथला कारभार तोंडपाठ होता. 5,000 डॉलरचा बाँड, दरमहा 300 डॉलर लेव्ही, विमा, सुट्टी. शिवाय दर सहा महिन्यांनी तिला डॉक्टरकडे न्यायचं. इतर तपासण्यांबरोबर ती गरोदर नाही ना, हेही बघायचं. दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी बसताना मलाच लाज वाटे. ती मात्र मोबाइलवर मनिलातल्या मुलाचा गृहपाठ तपासत असायची. आणि मी परमिट रद्द केलं की तिने बाडबिस्तरा आवरायचा. नोकरी आणि देश, दोन्ही माझ्या हातात.

बेंगळुरूत परदेशी लोकांच्या नोंदणीचं ऑफिस, म्हणजे एफआरआरओ, शांतिनगरच्या बसस्टँड इमारतीत आहे. आमचं गाडं तिथवर गेलंच नाही. रहिवासी परवान्याआधी व्हिसा हवा, आणि एम्प्लॉयमेंट व्हिसाला पगार वर्षाला 16.25 लाखांच्या वर लागतो. ज्या कामाला इथली माणसं मिळतात, त्यासाठी तो मिळतच नाही. पगाराच्या अटीतून सूट आहे ती दूतावासांचे कर्मचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि परदेशी पद्धतीचा स्वयंपाक करणारे आचारी यांना. एक एजंट म्हणाला, "मॅडम, आचारी दाखवू या की!" आमच्या आंटीचा हात बसलेला वरणभातावर. नाही म्हटलं. ती सिंगापुरातच दुसऱ्या घरी लागली.

मग व्हाइटफील्डच्या घरी कामाला दीदी आली, पश्चिम नेपाळातली. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे तिला व्हिसा नको, एफआरआरओ नको, स्पॉन्सर नको. सोसायटीने तेवढी पोलीस पडताळणी मागितली. तिच्या नागरिकतेच्या दाखल्यावर जन्मसाल 2044! सुपरवायझर चक्रावला. गेटवरचा वॉचमन नेपाळीच. त्याने हसत दाखला उलटा केला. मागे इंग्रजीत 1987 होतं; पुढचं साल विक्रम संवताचं.

सुटले म्हणून मला हायसं वाटलं, ते फार टिकलं नाही. आंटीच्या वेळी सरकार मला विमा विचारायचं, सुट्टी विचारायचं. दीदीबद्दल मला कुणी काही विचारलंच नाही. घरकामाला किमान वेतन लावणारं पहिलं राज्य कर्नाटक, 2004 साली. पण आमच्या सोसायटीत 'रेट' ठरतो व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि जास्त देणाऱ्या बाईला "तुम्ही सवयी बिघडवता" हे ऐकून घ्यावं लागतं. मीही ऐकलंय.

शेवटी मीच एका कागदावर लिहिलं: पगार, रविवारची सुट्टी, दवाखान्याचा खर्च, दसैंला, म्हणजे नेपाळी दसऱ्याला, महिनाभर पगारी रजा आणि यशवंतपूर ते गोरखपूर जाण्यायेण्याचं तिकीट. दीदीने वाचून विचारलं, "ये किसको देना है?" कुणालाच नाही, तुझ्याकडेच ठेव, म्हटलं.

सिंगापूरची पद्धत इथे यावी, असं मी मुळीच म्हणणार नाही. माणूस मालकाला बांधला जाणं वाईटच. पण तुमच्या घरी नेपाळची दीदी असेल, तर असा एक कागद तिला करून द्या. तो मागायला कुठलंही ऑफिस तुमच्या दारी येणार नाही.