जांभळे ओघळ

रविवार, दुपार.

बाबा गेल्यापासून तीन वर्षं त्यांची पांढरी मारुती ८०० डोंबिवलीच्या सोसायटीत आंब्याखाली उभी होती. रेल्वेचे रूळ भिंतीपलीकडेच. आज अखेर बादल्या घेऊन खाली उतरलो.

कोरडा फडका मारायचा नाही, हे पक्कं होतं. धुळीचे कण फडक्याखाली सापडले की रंगावर ओरखडे उठतात. आधी नुसतं पाणी, मग शाम्पूचा फेस, वरून खाली. एक बादली साबणाची, दुसरी हातमोजा खळबळायला. दुसरीतलं पाणी बघता बघता चहासारखं झालं.

गाडी चकचकली. पण हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून फिरवली, तर पॉलिश पेपरसारखी खरखर! लोहकण काढायचं द्रावण फवारलं. थोड्याच वेळात जांभळे ओघळ सुटले: रंगात रुतून बसलेली, लोकलच्या चाकाब्रेकांची लोखंडी धूळ. उरलेले बारीक ठिपके क्ले बारने, पृष्ठभाग ओला ठेवत, अलगद निघाले.

एक डाग मात्र हलेना. पक्ष्याच्या विष्ठेनं तिथे रंगच खाल्लाय. राहू दे. मी उशिरा आलो, याची नोंद कुठेतरी हवीच.