पॅकार्डच्या धाकट्या गाडीचा कैवार

मोटारींविषयीं लिहिणाऱ्या पंडितांचा एक ठराविक पाठ आहे. अमेरिकेंतील उंची गाड्यांची गोष्ट निघाली, कीं पॅकार्ड कंपनीचें नांव आदरानें घ्यावयाचें, १९१५ सालच्या तिच्या बारा सिलिंडरांच्या ‘ट्विन सिक्स’ची स्तुति करावयाची, आणि मग सुस्कारा टाकून म्हणावयाचें कीं, १९३५ सालीं ‘वन ट्वेन्टी’ ही स्वस्त गाडी काढून या कुलीन घराण्यानें आपल्याच हातानें आपली अब्रू घालविली. आमचे नातू असले सचित्र ग्रंथ घरीं आणतात व आम्ही ते दुपारीं चाळतों. पांच-सहा ग्रंथांत हाच पाठ वाचल्यावर आम्हांस वर्गांतील उत्तरपत्रिकांची आठवण झाली. एकाचें पाहून दुसऱ्यानें लिहिलेलें लपत नाहीं.

वस्तुतः १९२९ नंतरच्या मंदींत दोन-तीन हजार डॉलरांच्या गाड्यांस गिऱ्हाईक उरलें नव्हतें. ‘वन ट्वेन्टी’ सुमारें एक हजार डॉलरांस मिळे. तिच्या व पाठोपाठ आलेल्या सहा सिलिंडरांच्या गाडीच्या बळावर १९३७ सालीं पॅकार्डच्या कारखान्यांतून लाखाहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. बरें, ती स्वस्त होती म्हणून हलकी होती काय? तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणि स्वतंत्रपणें वरखालीं होणारीं पुढचीं चाकें, या दोन्ही सोयी पॅकार्डमध्यें प्रथम हिलाच मिळाल्या. थोरल्या गाड्यांस त्या १९३७ सालीं मिळाल्या. एकत्र कुटुंबांत धाकट्यानें मिळवून आणावें आणि मान थोरल्यानें घ्यावा, हें आपण पाहतोंच. पण घर बुडालें तें धाकट्यामुळें, असें म्हणणारे शेजारी मात्र विरळा.

ताडावर कावळा बसला आणि त्याच क्षणीं फळ पडलें, तर कावळ्यास दोष देतात. यास काकतालीय न्याय म्हणतात. येथें तर कावळा १९३५ सालीं बसला आणि डेट्रॉइटमधील पॅकार्ड गाड्यांचें काम बंद झालें १९५६ सालीं! शिवाय अन्वयाबरोबर व्यतिरेकही पाहावा लागतो. पिअर्स-ॲरो कंपनीनें आपलें सोंवळें शेवटपर्यंत राखलें, स्वस्त गाडी काढली नाहीं. १९३८ सालीं ती बुडाली. उलट लिंकननें १९३५ च्या अखेरीस ‘झेफिर’ ही कमी किंमतीची गाडी स्वतःच्याच नांवानें काढली. तिची वाखाणणी होते आणि लिंकन आजही हयात आहे.

यावर कोणी म्हणेल, लिंकनच्या पाठीशीं फोर्ड होता. अगदीं बरोबर; आणि कॅडिलॅकच्या पाठीशीं जनरल मोटर्स. पॅकार्ड एकटी होती, हेंच खरें कारण. तिच्या गाड्यांचे सांगाडे ब्रिग्ज कंपनी करीत असे. १९५३ च्या अखेरीस क्रायस्लरनें तो धंदा विकत घेतला, आणि पॅकार्डला १९५५ च्या गाड्या कॉनर ॲव्हेन्यूवरील अपुऱ्या जागेंत घाईघाईनें जुळवाव्या लागल्या. त्यांत दोष राहिले व गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला. त्यापूर्वींच, १९५४ सालीं, तोट्यांतील स्टुडबेकर कंपनी गळ्यांत बांधून घेतलेली होती. महायुद्धानंतर वरच्या वर्गाचें गिऱ्हाईक कॅडिलॅकच्या हातीं जाऊं दिलें, हाही दोष खराच. पण तो त्या वेळच्या चालकांचा, १९३५ च्या गाडीचा नव्हे.

आणि १९३५ सालीं तिनें घर सांवरलें नसतें, तर १९४० सालीं रोल्स-रॉइसचीं ‘मर्लिन’ विमान-इंजिनें बनविण्यास पॅकार्ड उरती ना. युद्ध संपेपर्यंत पॅकार्डनें तशीं पन्नास हजारांहून अधिक इंजिनें तयार केलीं. त्यांचें कौतुक या ग्रंथांत पानेंच्या पानें आहे. ‘वन ट्वेन्टी’चा उल्लेख मात्र त्या प्रकरणांत आम्हांस कोठें आढळला नाहीं.