क्ष-किरणांतले द्रवस्फटिक : तीन पत्रे

पॅरिस
ती. बाबांस, सा. न. वि. वि.

द्रवस्फटिक द्रवासारखा वाहतो, तरी त्याचे रेणू आपापसात काही शिस्त राखतात. १९२२ साली जॉर्ज फ्रीडेल यांनी सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या नक्षीवरून या शिस्तीचे प्रकार पाडले. नेमॅटिकमध्ये लांबट रेणू एकाच दिशेला कललेले असतात, पण त्यांच्या जागा ठरलेल्या नसतात. कोलेस्टेरिकमध्ये ही दिशा हळूहळू फिरत जाते, तर स्मेक्टिकमध्ये रेणू थर धरतात. हे थर मात्र तेव्हा अनुमानाचाच भाग होते. पुढच्याच वर्षी जॉर्ज यांचे पुत्र एदमों आणि मॉरिस द ब्रॉय यांनी क्ष-किरणांच्या विवर्तनातून थरांमधले अंतर मोजले.

ग्रेनोबल
ती. बाबांस, सा. न. वि. वि.

इझेर आणि द्राक या नद्यांच्या संगमाजवळ युरोपीय सिंक्रोट्रॉनचे ८४४ मीटर परिघाचे कडे आहे. त्यात प्रकाशाच्या वेगाला टेकलेले इलेक्ट्रॉन वळवले, की अतिशय तीव्र क्ष-किरण बाहेर पडतात. नमुना असतो जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या काचेच्या केशनळीत. भोवती तापमान स्थिर ठेवणारी भट्टी, आणि रेणू एका दिशेला आणायला चुंबक. विखुरलेले किरण निर्वात नळीतून डिटेक्टरवर पोचतात. थेट येणारा झोत मधली धातूची चकती अडवते.

रेणूंमधले किंवा थरांमधले अंतर जितके मोठे, तितका किरण विखुरण्याचा कोन लहान. ०.१५४ नॅनोमीटर तरंगलांबीला शेजारच्या रेणूंमधले ०.४५ नॅनोमीटर अंतर सुमारे २० अंशांवर दिसते, तेही धूसर. कारण थराच्या आत रेणू द्रवासारखेच मोकळे असतात. थरांची खूण ३ अंशांच्याही आत उमटते. 'आठ-सीबी' या पदार्थाचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सियसखाली आणले, की नेमॅटिकचा पसरट डाग आकसून तिथे रेखीव ठिपका होतो. त्यावरून थराची जाडी निघते सुमारे ३.२ नॅनोमीटर, आणि रेणूची लांबी मात्र जेमतेम २.२! म्हणजे थर एकेरीही नाही, दुहेरीही नाही. टोकाच्या सायनो गटामुळे रेणूचे एक टोक विद्युतदृष्ट्या ऋण आणि दुसरी बाजू धन राहते. म्हणून शेजारचे रेणू उलटसुलट तोंडे करून गाभ्यापुरते एकमेकांवर सरकतात. एका ठिपक्याच्या जागेवरून इतके कळावे, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य.

ठिपक्याचा आकारही तितकाच बोलका असतो. उष्णतेमुळे थर सतत लहरत असल्याने त्यांची सुसूत्रता अंतराबरोबर हळूहळू ढळते आणि शिखराच्या पायथ्याशी लांब शेपटी उरते. अल्स-नील्सन, लिट्स्टर, बर्जेनो आणि सहकाऱ्यांनी १९८० साली ही शेपटी मोजून दाखवली. सुसूत्रता अशी ढळेल, हे लांडाऊ आणि पायर्ल्स यांचे भाकीत त्यातून पडताळले गेले.

बंगळूर
ती. बाबांस, सा. न. वि. वि.

लांबट रेणूच द्रवस्फटिक होतात, ही समजूत १९७७ साली इथल्या रामन संशोधन संस्थेत मोडली. एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चकतीसारख्या रेणूंवर क्ष-किरण टाकले. त्या चकत्या नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या आढळल्या. चळतींची आपापसातली मांडणी षट्कोनी आणि नियमित होती. चळतीतल्या चकत्यांमधले अंतर मात्र अनियमित होते.