दोन राजधान्यांमधील एक दिवस

बीदरचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम दामाजीपंत आठवतात. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे लोकांसाठी खुली केल्याबद्दल बादशहाने त्यांना धरून आणावयास सांगितले. परंतु ते पोहोचण्यापूर्वीच साक्षात विठोबा एका साध्या सेवकाच्या वेशात बीदरच्या दरबारी आला आणि मोहरांची थैली रिती करून गेला, अशी आपली परंपरा सांगते. तो कोणत्या वाहनाने आला, हे मात्र कोणी सांगत नाही. आमचा प्रश्न नेमका वाहनाचाच होता.

आम्ही हैदराबादचे रहिवासी असलो तरी मूळ गाव भालकी तालुक्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या जुन्या राज्याची भाषावार वाटणी झाली. उदगीर मराठवाड्याबरोबर गेले, भालकी म्हैसूर राज्यात आली, आणि एका घराण्यातील माणसे तीन राज्यांत विखुरली. अशा कुटुंबांना एकत्र आणणारी जी ठिकाणे उरली, त्यांत हुमनाबादनजीकचे माणिकनगर हे एक. श्रीमाणिकप्रभूंच्या दर्शनाला मार्गशीर्षात मोटारसायकलवरून जाण्याचा आमचा नेम पुष्कळ वर्षे चालला. आमची येझदी म्हैसूरची, दोन नळकांड्यांची. जिची किक आडवी केली की तिचाच गिअर बदलण्याचा दांडा होई, ती. पुढे सौभाग्यवतींची पाठ कुरकुरू लागली, येझदी विकली गेली, आणि गेली दोन वर्षे आम्ही बसने जाऊन येत होतो. दर्शन तेच घडे, पण वाट हरवली होती.

बीदरच्या पुतण्याने उपाय सुचवला. "काका, माझी इंटरसेप्टर एक दिवस घेऊन जा. कलबुर्गीपर्यंत जाऊन या. जमले तर तुमच्यासाठीही पाहू." वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हा मोह आवरणे कठीण होते.

लांबच्या प्रवासाला वेगवान आणि तरीही सुखकर असावी, अशा मोटारसायकलींना पाश्चात्त्य जगात 'स्पोर्ट टूरिंग' म्हणतात. बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ साली आर १०० आरएस नावाची गाडी काढली. तिचे संपूर्ण वाराकवच बोगद्यात कृत्रिम वारा सोडून, पारखून घडवलेले होते. तेव्हापासून असे कवच ही या जातीची ओळख ठरली. इंटरसेप्टरला ते नाही. चेन्नईजवळ बनणारी ही रॉयल एनफील्डची गाडी उघड्या अंगाची आहे: ६४८ घनसेंटिमीटरचे जुळे इंजिन, ४७ अश्वशक्ती, सहा गिअर आणि दोनशे किलोंहून अधिक वजन. कवचाच्या महागड्या गाडीऐवजी ही आपल्या रस्त्यांवर पुरेल काय, याची परीक्षा घ्यायची होती.

सकाळी सात वाजता निघालो. महमूद गवानने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाच्या मनोऱ्यावरील निळ्या-हिरव्या फरशांवर कोवळे ऊन पडले होते. बहामनी सुलतानांची पहिली राजधानी १३४७ मध्ये गुलबर्ग्याला वसली. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बीदरला आली. आम्ही तीच वाट उलट्या दिशेने चाललो होतो. अंतर सुमारे ११० किलोमीटर. गाडीचा आवाज येझदीसारखा एकसुरी नव्हता. तिच्या दोन सिलिंडरांमधील स्फोट समान अंतराने होत नाहीत. एका फेऱ्यात २७० अंशांनी आणि पुढे ४५० अंशांनी होतात. त्यामुळे ठेका किंचित लंगडा, पण कानाला गोड लागतो.

बीदरची तांबडी माती मागे पडली. हळ्ळीखेडच्या बाजूला उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. येझदीवर अशा रांगेमागे दोन गिअर खाली येऊन संधीची वाट पाहावी लागे. येथे मूठ जराशी पिळली की रांग मागे. वाऱ्याचे म्हणाल, तर त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठावरून ऐंशीवर गेलो की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. ऐंशीला छातीवर हात ठेवल्यासारखे वाटले, त्याहून अधिक काही नाही. आणि केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावरसुद्धा दुचाकीची कमाल मर्यादा ऐंशीच आहे. तेव्हा कवचावाचून आमचे काही अडणार नाही, असा निकाल मी माणिकनगर येण्यापूर्वीच मनोमन देऊन टाकला.

समाधीचे दर्शन झाले. ओसरीत मराठी, कानडी आणि दखनी अशा तिन्ही बोली एकाच वेळी कानांवर पडत होत्या. हुमनाबादला सुसला आणि मिरचीची भजी खाऊन पुढे निघालो.

पठार उतरू लागले, रस्त्याला वळणे आली. पुढे उसाचा एक ट्रॅक्टर होता. मी मूठ पिळली. तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्यावर दोन थापा पडल्या. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. ही आमची येझदीच्या काळातील खूण. मी ब्रेक दाबले, आणि त्याच क्षणी तो ट्रॅक्टर कोणताही इशारा न देता उजवीकडे शेताच्या वाटेला वळला. एबीएसमुळे चाके अडकली नाहीत. ट्रॉलीच्या मागे दहा-बारा हातांवर आम्ही उभे राहिलो. चालकाने मागे वळून मराठीत विचारले, "लागलं का हो, मामा?" लागले काहीच नव्हते. माझे हात मात्र थरथरत होते.

कमलापूरला गाडी उभी केली. तेथील तांबड्या सालीची केळी प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. केळ सोलता सोलता सौभाग्यवती म्हणाल्या, "त्याने उजव्या हाताची मान वळवून शेताकडे पाहिले होते. मला मागून दिसले. तुम्हाला दिसले नाही."

मी गप्प राहिलो. त्या पुढे म्हणाल्या, "येझदीवर चढ आला की तुम्ही विचारायचात, नीट बसलीस ना? आज सकाळपासून एकदाही विचारले नाहीत."

हे अक्षरशः खरे होते. येझदीला दोघांचे ओझे जाणवे. चढावर तिचा श्वास लागे, ब्रेक लांबे, आणि मागे कोणी आहे याची आठवण यंत्रच करून देई. या गाडीला मागच्या माणसाचे वजन कळतच नाही; आणि जे तिला कळत नव्हते, ते मीही विसरलो होतो. पुतण्याने गाडीचे सारे गुण सांगितले होते, हा एवढा सांगितला नव्हता. शक्तीबरोबर येणारा हा विसर कोणत्याही कवचाने झाकला जाणारा नाही.

उरलेली वाट तुरीच्या शेतांतून गेली. शेंगा भरल्या होत्या. २०१४ पासून ज्याचे नाव कलबुर्गी झाले, त्या गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील १३६७ची जामा मशीद पाहिली. अंगण न ठेवता सगळी वास्तू छताखाली घेतलेली असल्याने भर दुपारी आत गारवा होता. तेथे बसून आम्ही ठराव केले: मागे पाठीला टेकण बसवायचे, दर चाळीस किलोमीटरांवर थांबायचे, आणि खांद्यावरील थापेला प्रश्न विचारायचा नाही.

परतीच्या प्रत्येक चढावर मी विचारत होतो, "नीट बसलीस ना?" चौथ्या वेळी उत्तर आले, "बसले आहे. आता पुढे पाहा."

संध्याकाळी बीदरला पुतण्याने दारातच विचारले, "काय काका, पसंत?" माझ्याआधी सौभाग्यवती बोलल्या. डोक्यावरचे उसने हेल्मेट काढून सुनेच्या हाती देत त्या म्हणाल्या, "हे मला घट्ट होते. पुढच्या मार्गशीर्षापर्यंत मला माझे स्वतःचे हवे."