पेटीचे सूर बदलताना

जुन्या घरांत जुन्या वस्तू असतात आणि प्रत्येक वस्तूविषयी घरातील प्रत्येकाचे एक मत असते. वस्तू चालू असते तोवर ही मते निद्रिस्त असतात. ती बिघडली की सारी एकदम जागी होतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या वडिलांच्या पेटीचे तीन सूर बिघडले, तेव्हा आम्हांस याचा पुरता प्रत्यय आला.

पेटी तीन सप्तकांची, खर्ज व नर अशा दोन ओळींची. आतील सूर जर्मन. बडोद्यातील आमच्या घरी दर गुरुवारी भजन होई, ते याच पेटीवर. वडील जाऊन आता अठरा वर्षे झाली. त्यांचा आवाज कोठेही मुद्रित करून ठेवलेला नाही. त्यामुळे आमच्या थोरल्या बंधूंच्या लेखी पेटीचा आवाज हाच त्यांचा उरलेला आवाज. इकडे आमची कन्या याच पेटीवर रियाज करते आणि तिची गायनाची परीक्षा चार महिन्यांवर आलेली. अशा वेळी नराच्या मध्य सप्तकातील गंधार मुका झाला, पंचम घरघरू लागला आणि धैवत उतरला.

दादा म्हणाले, "पेटीला हात लावू नकोस. मुलीला नवी घे, ही देवघराशेजारी राहू दे." कन्या हळूच म्हणाली, "बाबा, वाजत नसेल तर ती नुसती पेटीच झाली ना!" दोघांचेही म्हणणे आम्हांस पटले, आणि हीच खरी अडचण होती.

पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी ती आमच्यासमोरच उघडली. ज्याला आपण पेटीचा सूर म्हणतो ती पितळेची एक छोटी पट्टी असते. तिच्यात एक लांबट फट आणि त्या फटीवर एका टोकाला रिबीट मारून बसवलेली पितळी जीभ. भात्याची हवा फटीतून जाऊ लागली की जीभ थरथरते आणि स्वर उमटतो. जिभेचे मोकळे टोक किंचित घासले की स्वर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. म्हणजे प्रत्येक जुळवणीत जीभ थोडी झिजतेच. शिवाय लक्षावधी वेळा थरथरून धातूही थकतो. आमच्या गंधाराची जीभ तुटली होती. पंचमाच्या फटीत हिरवा गंज धरला होता; तो पुसून, जीभ सरळ केल्यावर पंचम बोलू लागला. धैवताच्या मुळाशी मात्र बारीक तडा होता. सूर आपोआप उतरू लागला की असा तडा आहे का ते आधी पाहावे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता गंधार व धैवत बदलायचे कसे? कारागिरांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, सगळेच सूर पालिताण्याचे नवे घालणे. भावनगर जिल्ह्यातील या गावचे हाती घडवलेले सूर देशभर जातात; आवाज एकसारखा मिळाला असता, पण वडिलांचा एकही सूर उरला नसता. दुसरी, एखाद्या मोडीत निघालेल्या पेटीतील जर्मन सूर मिळवणे. त्यांची जात जुळती. आयुष्य किती उरले, हे मात्र सांगता येत नाही. तिसरी, दोनच सूर नवे घालणे. ते स्वराला बरोबर बसतील, पण त्यांचा पोत वेगळा; ओळखीच्या मंडळींत दोन परके पाहुणे बोलल्यासारखे ऐकू येतील.

तेव्हा त्यांनाच चौथी वाट सुचली. खर्जाची ओळ नरापेक्षा एक सप्तक खाली बोलते. म्हणजे खर्जाच्या वरच्या सप्तकातील गंधार व धैवत हे उंचीला नराच्या मध्य सप्तकातील गंधार-धैवतच. तेथील जुने जर्मन सूर काढून येथे आणावेत आणि त्यांच्या रिकाम्या जागी पालिताण्याचे नवे घालावेत. तेथे ते नराच्या सोबतीने बोलतात, म्हणून वेगळेपण फारसे कानाला खुपत नाही. बसवताना पट्टीची मापे थोडी जुळवून घ्यावी लागली, एवढेच.

दादांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते प्रथम रुष्ट झाले. "उद्या भाता बदलशील, परवा पट्ट्या; मग अण्णांचे काय राहील?" प्रश्न खोटा नव्हता. आम्ही त्यांना या वाद्याचीच कुळकथा सांगितली. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली याचे एकस्व घेतले, तेव्हा ते पायाने भाता चालवून वाजवण्याचे वाद्य होते. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून, हाताने भाता मारून वाजवण्याजोगे रूप दिले. समान अंतराच्या जुळवणीत त्याचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधाराहून सुमारे १४ सेंट चढा राहतो, मींड तर निघतच नाही. म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्याला दूर ठेवले. तरीही ते घरोघरी टिकले, कारण ते बदलत आले. आणि आपण बडोदेकर मराठी माणसे तरी दुसरे काय करीत आलो? आपल्या बोलण्यात गुजराती शब्द येऊन बसले, म्हणून मराठी बुडाली असे कोणी म्हणत नाही.

दादांनी उत्तर दिले नाही. पेटी जुळून आली त्या गुरुवारी ते आले, कन्येने भूपाचे स्वर धरले, आणि गंधारावर ती थांबली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. जाताना त्यांनी तुटलेले दोन सूर मागून घेतले आणि रुमालात बांधून नेले.

ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी आहे त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: पावसाळ्यात ती दमट भिंतीपासून दूर ठेवावी, रोज थोडी वाजवावी, आणि काढलेला कोणताही जुना सूर भंगारात देऊ नये. दुसऱ्या एखाद्या घरच्या मुक्या पेटीला नेमका तोच हवा असण्याचा संभव असतो.