आईविना वाढणारी पिल्लं

इंदूरहून धारच्या रस्त्यावर बेटमा लागतं. तिथे गावाबाहेर आमची ब्रॉयलरची शेड आहे. या धंद्यातला रिवाज असा की हॅचरीतून पिल्लं उतरली की आधी गूळपाणी आणि मग काही दिवस पाण्यातून अँटिबायोटिकचा ‘कोर्स’. पिल्लं ठणठणीत असली तरी!

2019च्या जुलैत केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी केली. बाकीची औषधं हरल्यावर अतिदक्षता विभागातले डॉक्टर माणसासाठी ज्याच्याकडे वळतात, ते हे औषध. ते कोंबड्यांना वाढीसाठी दिलं जात होतं, हे मला फार लागलं.

महूला शिकलेले आमचे पशुवैद्य म्हणाले, “हे बघा, या पिल्लांना आई मिळालेलीच नाही.” अंगणातलं पिल्लू कोंबडीमागे उकिरडा टोचत फिरतं आणि तिच्या विष्ठेतले जंतू त्याच्या आतड्यात मुक्कामाला येतात. यंत्रात उबवलेल्याचं आतडं जवळजवळ मोकळं असतं, जो आधी पोचेल त्याची वस्ती. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी 1973 साली हेच दाखवलं होतं. मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू पाजलेल्या पिल्लांत साल्मोनेलाला सहज शिरकाव मिळत नाही.

आम्ही कोर्स थांबवून लॅक्टोबॅसिलस आणि बॅसिलस या उपकारी जंतूंची पावडर सुरू केली. खरी कसरत निघाली पाण्याची. टाकीत ब्लीचिंग पावडर असते आणि क्लोरीन उपकारी जंतूंनाही सोडत नाही. म्हणून आदल्या रात्री उघड्या पिंपात पाणी भरून ठेवायचं आणि पावडर कालवली की दोन-तीन तासांत संपेल एवढंच द्यायचं. खाद्यात मात्र बॅसिलसच बरा. त्याचे बीजाणू गोळी-खाद्य बनवतानाची उष्णता सोसतात.

शेडमध्ये अंथरलेलं तूस कोरडं राहू लागलं, अमोनियाने डोळे चुरचुरणं कमी झालं. पण पौषातल्या थंडीत ब्रूडर नीट तापला नाही तर कुठलीही पावडर पिल्लं वाचवत नाही. रोग आलाच तर डॉक्टर सांगतील ते औषध द्यावंच लागतं, आणि त्याचा अंश अंगातून जाईपर्यंत विक्री थांबवावी लागते.

शेडमधलं खत आसपासच्या बटाट्याच्या शेतांत जातं. औषधाला न जुमानणारे जंतूही त्याच ट्रॉलीतून जाऊ शकतात. शेडला लागून मजुरांच्या खोल्या आहेत, त्यांची पोरं त्या तुसाजवळच खेळतात. कोर्सची पाकिटं अजूनही पिल्लांबरोबर येतात. मी ती त्याच गाडीने परत पाठवतो.